ड्रेस्डेनचं झेम्पर सिनेगॉग: मराठी श्राव्यफेरीच्या प्रकल्प नोंदी

18 ऑगस्ट 2024, रविवार

श्राव्यफेरी, म्हणजे फोनवर ऐकत चालायची फेरी, करायचं नक्की झालं. उन्हाळ्यात इथे नोकरी करणाऱ्या प्रत्येकाचे आईवडील येतात आणि आपण त्यांना ठरलेल्या वाटेने फिरवून आणतो. त्स्विंगर, ऑपेरा, ब्र्यूल टेरेसवरून एल्बे नदी, फ्राउएनकिर्शे, मग कॉफी आणि केक. टेरेसच्या पूर्व टोकाला कोणी जात नाही. तिथे पिवळसर दगडाचा, बाहेरून एकही खिडकी नसलेला ठोकळा उभा आहे. गेल्या महिन्यात एका पाहुण्या काकांनी लांबूनच विचारलं, "हे कसलं रे गोडाऊन?" ते ड्रेस्डेनचं नवं सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. जुनं इथेच होतं, 1840 ते 1938; नाझींनी ते जाळलं.

फेरीचा मार्ग लगेच ठरला. सुरुवात थिएटरप्लाट्झवर, ऑपेराच्या समोर. शेवट सिनेगॉगच्या अंगणात. दोन्ही टोकांना वास्तुविशारद एकच, गॉटफ्रीड झेम्पर. ऑपेराला तर सगळे त्याच्याच नावाने ओळखतात. दुसऱ्या टोकाच्या त्याच्या इमारतीबद्दल बहुतेकांना पत्ताच नसतो. मधल्या वाटेवर, टेरेसवर, त्याचा पुतळाही आहे, 1892 चा, योहानेस शिलिंगने केलेला. थांबे तिथल्या तिथे सुचले. चालणं फार नाही, टेरेसच्या पायऱ्या तेवढ्या चढाव्या लागतात. बाकं भरपूर, त्यामुळे गुडघेवाल्यांना जमेल.

एक नियम वहीत लिहून ठेवला: आगीची गोष्ट निम्मी वाट संपल्याशिवाय सांगायची नाही. ही इमारत अठ्ठ्याण्णव वर्षं उभी होती, आणि जिथे तिथे तिच्या शेवटच्या रात्रीबद्दलच बोललं जातं. जाळणाऱ्यांपासून सुरुवात केली की बांधणारे आणि तिथे रोज येणारे आपोआप मागच्या रांगेत जातात.

25 ऑगस्ट

पहिल्या दोन थांब्यांची टिपणं.

1837 पर्यंत ड्रेस्डेनच्या ज्यूंना स्वतःचं सार्वजनिक प्रार्थनास्थळ नव्हतं. घराघरांतल्या खोल्यांमध्ये प्रार्थना चालायची. त्या वर्षी सॅक्सनीच्या राज्यात कायदा झाला आणि ड्रेस्डेन व लाइपझिगच्या ज्यूंना धार्मिक मंडळ स्थापून एक सिनेगॉग बांधायची परवानगी मिळाली. त्या बदल्यात घरगुती प्रार्थनाखोल्या बंद करायच्या. यासाठी झगडणाऱ्यांमध्ये बर्नहार्ड बेअर हे विद्वान पुढे होते. व्यवसायाची, मालमत्तेची बंधनं एवढ्याने सुटली नाहीत. नागरिक म्हणून बरोबरीचा हक्क मिळायला अजून बरीच वर्षं जायची होती. हे थोडक्यात पण सांगायचंच. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटेल, 1933 आधी, म्हणजे हिटलरच्या आधी, सगळं आलबेल होतं.

पायाभरणी 21 जून 1838, उद्घाटन 8 मे 1840. झेम्पर तेव्हा पस्तिशीतला, 1834 पासून इथल्या कला अकादमीत प्राध्यापक. त्याच काळात त्याच्या टेबलावर राजाच्या थिएटरचे नकाशेही होते. ते 1841 मध्ये उघडलं. म्हणजे राजाचं ऑपेरा आणि शहरातल्या सगळ्यात कमी हक्क असलेल्या लोकांचं प्रार्थनाघर, दोन्ही एकाच हाताखालून एकाच वेळी उतरत होतं. पहिल्या थांब्याचा गाभा हाच ठेवतो.

बाहेरून इमारत रोमनेस्क, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या धाटणीची, बरीचशी साधी. मधोमध अष्टकोनी भाग, त्यावर निमुळतं छप्पर. पश्चिमेला दोन छोटे मनोरे, वर दावीदाचा तारा. आत शिरलं की वेगळीच दुनिया: मूरिश कमानी, रंगवलेली नक्षी, सज्जे. पैसा बेताचा, म्हणून लाकूड आणि रंग यांवरच सगळी भिस्त. जागा साधारण पाचशे माणसांची. बायका वरच्या सज्ज्यात, पुरुष खाली. ही आतली मूरिश तऱ्हा पुढे जर्मनीभर पसरली. झेम्परचाच विद्यार्थी ओटो झिमॉनझोन याने 1855 मध्ये लाइपझिगचं मोठं सिनेगॉग त्याच वळणावर बांधलं. (तेही 1938 मध्ये जाळलं. त्या जागी आज काँक्रीटच्या चौथऱ्यावर 140 रिकाम्या ब्राँझच्या खुर्च्या आहेत. फेरीत बसत नाही, पण मनातून जात नाही.)

1 सप्टेंबर

नंदादीपाची गोष्ट घ्यायची की नाही यावर तासभर वाद.

झेम्परने भिंतींबरोबर आतलं सामानही आखून दिलं होतं. त्यात धर्मग्रंथ ठेवायच्या पवित्र कोनाड्यासमोर टांगायचा चांदीचा नंदादीप होता. हा दिवा संगीतकार रिशार्ड वाग्नर आणि त्याची बायको कोझिमा यांना इतका आवडला की त्यांनी त्याची नक्कल आपल्या घरासाठी करून घेतली. वाग्नर 1843 पासून इथे दरबारी संगीतनियंता होता, झेम्परचा दोस्त. 1849 च्या मे महिन्यातल्या उठावात दोघेही बंडखोरांच्या बाजूने, आणि उठाव मोडल्यावर दोघेही परागंदा. झेम्पर तर रस्त्यांवरच्या मोर्चेबंदीची बांधणी कशी असावी यावर सल्ला देत होता. पुढच्याच वर्षी, 1850 मध्ये, वाग्नरने संगीतातल्या ज्यूंविरुद्ध विखारी लेख लिहिला, तोही टोपणनावाने. आणि दिवा हवा सिनेगॉगचाच.

संपादन करणाऱ्या मैत्रिणीचं म्हणणं, हे चटकदार आहे म्हणून घेऊ नकोस. माझं म्हणणं, ऑपेरासमोर उभ्या असलेल्या माणसाला वाग्नर ठाऊक असतो. त्याच्या हाताला धरून त्याला पलीकडच्या टोकाकडे नेता येतं. घेतलं. दीड मिनिटाच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढ्यावर तह.

7 सप्टेंबर

गणेश चतुर्थी. काम काहीच झालं नाही. आरतीनंतर काकूंना गाठून विचारलं. मित्राच्या आई, आकाशवाणीवर निवेदनात आयुष्य घालवलेल्या, नोव्हेंबरपर्यंत इथे आहेत. म्हणाल्या, "वाचते, पण तुझी वाक्यं आधी माझ्याकडे दे. लिहिलेलं वाचायला आणि वाचलेलं ऐकायला, यात फरक असतो." मसुदा देऊन टाकला.

12 सप्टेंबर

काल पहाटे तीनच्या सुमाराला कारोला पुलाचा एक भाग एल्बेत कोसळला. ट्रामचे रूळ असलेलाच भाग. कोणाला इजा नाही, केवळ वेळ बरी म्हणून. पूल सिनेगॉगच्या अगदी शेजारी. ट्रामचा थांबाच 'सिनागोगे' नावाचा. नदीकाठचा रस्ता बंद, गाड्या वळवल्या आहेत.

चौथा थांबा गाठायच्या सूचना बदलाव्या लागणार. ट्रामने इथे उतरा, असं काहीच म्हणायचं नाही. "टेरेस संपेपर्यंत सरळ चालत राहा" एवढंच. तसंही बरंच आहे. चालत आलेल्याला दोन टोकांमधलं अंतर पायांत कळतं.

15 सप्टेंबर

काकूंनी मसुदा लाल करून परत दिला. "मूरिश" या शब्दाला त्यांनी विचारलं, "म्हणजे काय ते घरी बसलेल्याला दिसणार कसं?" आता वाक्य असं आहे: "स्पेनमधल्या अरबी राजवाड्यांत असतात तशा घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी, आणि भिंतीवर बोटभर जागा रिकामी नाही." त्यांनीच पुण्याचं लाल देऊळ आठवलं, 1867 चं, डेव्हिड ससूनने बांधलेलं, बाहेरून चर्चसारखं दिसणारं. बेने इस्रायली शेजाऱ्यांमुळे आपल्याकडे सिनेगॉग अगदीच परकं नाही, हे खरं. तुलना मात्र फेरीत घातली नाही. ड्रेस्डेनची गोष्ट ड्रेस्डेनमध्येच राहू दे.

अठ्ठ्याण्णव वर्षांच्या भागात माणसं कमी पडत होती. त्झकारिआस फ्रांकेल यांना आणलं. 1836 पासून इथले मुख्य रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, सिनेगॉग उघडलं ते त्यांच्याच काळात. परंपरा सोडायची नाही, पण ती इतिहास म्हणून तपासायची, हा त्यांचा मार्ग. 1854 मध्ये ते ब्रेस्लाउला नव्या रब्बी-विद्यालयाचे प्रमुख म्हणून गेले आणि पुढे अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह ज्यू पंथाने त्यांना आपल्या पूर्वसूरींत मोजलं. ड्रेस्डेनच्या पर्यटन पत्रकात त्यांचं नाव मी तरी पाहिलेलं नाही.

22 सप्टेंबर

पहिली चाचणीफेरी. चार ज्येष्ठ मंडळी, आमच्या फोनवर कच्चं ध्वनिमुद्रण. टेरेसवर झेम्परच्या पुतळ्यापाशी थांबून मी मुद्दाम विचारलं, जुनं सिनेगॉग कसं गेलं असेल? तिघं एका सुरात म्हणाले, "बाँबहल्ल्यात."

हे होणारच. ड्रेस्डेन म्हटलं की 13 फेब्रुवारी 1945. शहराचं स्वतःचं स्मरणही त्या तारखेभोवतीच फिरतं. समोर फ्राउएनकिर्शेचा घुमट दिसतो. ते चर्च त्या हल्ल्यानंतर 15 फेब्रुवारीला कोसळलं आणि 2005 मध्ये पुन्हा जसंच्या तसं उभं राहिलं. ऑपेराही त्याच हल्ल्यात गेलं, 1985 मध्ये परत उघडलं. ही दोन पाहून आलेला माणूस तिसरी इमारतही त्याच हिशेबात घालणार. पण सिनेगॉग तोवर सहा वर्षांपूर्वीच नाहीसं झालेलं होतं, आणि ते करायला परदेशी विमानं आली नव्हती. हे वाक्य तिसऱ्या थांब्याच्या सुरुवातीला हवं, ठळक.

29 सप्टेंबर

तिसऱ्या थांब्याचा मसुदा. जसा उतरला तसा इथे ठेवतो:

"तुम्ही आता एका दगडी स्तंभाजवळ आहात. 1975 मध्ये, पूर्व जर्मनीच्या काळात, शिल्पकार फ्रीडेमान ड्योनर यांनी तो घडवला. त्यातल्या दीपदानाला सहा फांद्या आहेत, मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंच्या आठवणीसाठी. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री एसएच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या गणवेशधारी दलाच्या, लोकांनी सिनेगॉग पेटवलं. अग्निशमन दल आलं, पण त्याला आग विझवू दिली नाही. बघ्यांची गर्दी जमली. शहरातल्या ज्यू पुरुषांना पकडून बुखेनवाल्डच्या छळछावणीत पाठवलं. पुढच्या काही दिवसांत उरलेल्या भिंती पाडल्या, आणि पाडण्याचा खर्च ज्यू समाजाकडूनच वसूल केला."

काकूंनी शेवटचं वाक्य दोनदा वाचलं आणि पुढे गेल्या. मी काही बोललो नाही.

पाडकाम 'टेक्निशे नोटहिल्फे' या तांत्रिक मदत दलाने केलं आणि त्याचं चित्रीकरण करून ठेवलं, सुरक्षितपणे इमारत कशी पाडावी याचा धडा म्हणून. या इमारतीची हलती चित्रं कशात उरावीत, तर तिच्या पाडकामात. हे फेरीत सांगायचं की नाही, यावर बराच वेळ गेला. शेवटी सांगायचं ठरलं, कारण संतापाच्या भरात झालेली जाळपोळ, असं जे म्हटलं जातं, ते या फिल्मपुढे टिकत नाही. कॅमेरा लावणारा माणूस संतापलेला नसतो.

आगीच्या रात्री आल्फ्रेड नॉइगेबाउअर नावाच्या अग्निशमन जवानाने मनोऱ्यावरचा एक तारा उचलून लपवून ठेवला. 1949 मध्ये त्याने तो ज्यू समाजाला परत दिला. मैत्रीण म्हणते, इथे मोठं संगीत नको, आवाज खाली. बरोबर. एका चांगल्या माणसाची गोष्ट सांगितली की ऐकणारा सुटकेचा श्वास टाकतो आणि बघ्यांची गर्दी विसरतो. म्हणून तारा तिसऱ्या थांब्यावर नकोच. चौथ्यावर, जिथे तो प्रत्यक्ष दिसतो.

6 ऑक्टोबर

क्लेम्पेरर घ्यायचे की नाही? फेरी सिनेगॉगची आहे, आणि व्हिक्टर क्लेम्पेरर तर ज्यू घरात जन्मून धर्मांतर केलेले प्रोटेस्टंट. पण बाँबहल्ल्याचा गैरसमज दूर करताना त्यांच्याशिवाय गोष्ट अर्धी राहते. फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक, बायको ज्यू नसल्यामुळे तोवर वाचलेले. 13 फेब्रुवारी 1945 च्या दिवशी शहरात उरलेल्या थोड्या ज्यूंच्या घरी ते हद्दपारीच्या नोटिसा पोचवत होते. 16 तारखेला हजर व्हायचं होतं. रात्री हल्ला झाला. त्या गोंधळात बायकोने, एव्हाने, त्यांच्या कोटावरचा, ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा पिवळा तारा काढून टाकला आणि दोघं शहरातून निसटली. डायरीत हे सगळं आहे.

ज्या हल्ल्यात हजारो नागरिक मेले, त्याच हल्ल्याने मूठभर ज्यू वाचले. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवायची, मध्ये "पण" घालायचा नाही. काकूंशी बोलून हे नक्की केलं.

9 ऑक्टोबर

पाच वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी, योम किप्पुर या ज्यूंच्या सगळ्यात पवित्र दिवशी, हाल्ले शहरात एका सशस्त्र माणसाने सिनेगॉगवर हल्ला केला. दार टिकलं म्हणून आतले वाचले. रस्त्यावर आणि एका खाणावळीत त्याने दोघांना मारलं. ड्रेस्डेनच्या सिनेगॉगपाशीही पोलिस असतात. सूचनांत घातलं: आत जायचं तर आधी नोंदवलेल्या मार्गदर्शित भेटीतूनच, पुरुषांनी डोकं झाकायचं, शनिवारी पर्यटक म्हणून जायचं नाही, आणि पोलिसांचे फोटो काढत बसायचं नाही. शेवटचं खास आपल्या काकांसाठी.

13 ऑक्टोबर

चौथा थांबा. इथे रेंगाळायचं आहे.

युद्धानंतर उरलेल्या मोजक्या लोकांनी फीडलरस्ट्रासेवरच्या ज्यू स्मशानभूमीतलं शोकगृह दुरुस्त करून 1950 मध्ये त्यालाच सिनेगॉग केलं. 1920 च्या दशकात पाच हजारांच्या घरात असलेला हा समाज पूर्व जर्मनीच्या अखेरीस शंभराच्या खाली आला होता. 1990 नंतर सोव्हिएत देशांतून ज्यू कुटुंबं आली आणि संख्या शेकड्यांत गेली. मोठी वास्तू हवी, ही गरज तेव्हा खरी झाली. 9 नोव्हेंबर 1998 ला काम सुरू, 9 नोव्हेंबर 2001 ला उद्घाटन. वास्तुविशारद वांडेल हॉफर लॉर्श आणि हिर्श.

जागा अरुंद, रस्ता आणि नदी यांच्यामध्ये अडकलेली, पूर्वेशी तिरकी. प्रार्थना पूर्वेकडे तोंड करून व्हायला हवी. मग त्यांनी काय केलं? दगडी ठोकळ्यांचे 34 थर एकावर एक रचले आणि प्रत्येक थर खालच्यापेक्षा काही सेंटिमीटर वळवला. तळाचा थर जागेच्या रेषेत, सगळ्यात वरचा पूर्वेच्या रेषेत. पत्त्यांचा कॅट तळाशी धरून हलकेच पिळावा तसं. लांबून हे लक्षात येत नाही. कोपऱ्याला अगदी चिकटून उभं राहिलं आणि मान वर केली, की कड सरळ चढत नाही, सरकत जाते. चौथ्या थांब्यावर ऐकणाऱ्याला नेमकं तिथे उभं करायचं आहे: "अंगणातून उजवीकडच्या कोपऱ्याकडे जा, भिंतीला हात लावा, वर बघा." चोवीस मीटर.

आत सोनेरी धातूच्या जाळीचा पडदा तंबूसारखा सोडला आहे. बाहेर दगड, आत तंबू: जेरुसलेमचं मंदिर आणि त्याआधीचा वाळवंटातला फिरता मंडप.

अंगणात जुन्या इमारतीच्या बाह्यरेषा जमिनीत आखल्या आहेत, आणि त्या रेषा भरल्या आहेत काचेच्या तुकड्यांनी. बारीक, कडा बोथट नसलेले तुकडे, चालताना पायाखाली करकरतात. चाचणीत एका आजोबांनी वाकून एक उचलायला बघितला. मैत्रिणीने त्यांना हळूच थांबवलं, "बाबा, राहू द्या." तुकडे उचलू नका, ही ओळ ध्वनिमुद्रणात घातली.

आणि दारावर नॉइगेबाउअरने जपलेला तारा.

20 ऑक्टोबर

ध्वनिमुद्रण. टेरेसवर करायचा विचार सोडला: वारा, आणि खालच्या धक्क्यावरून वाफेच्या बोटींच्या शिट्ट्या. घरी, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना वाळत घालायच्या स्टँडवर गोधड्या टाकून. काकूंना पाणी कोमट लागतं, पंखा बंद लागतो, आणि कोणी होकारार्थी मान हलवलेली चालत नाही. तिसरा थांबा त्यांनी एका दमात वाचला. क्लेम्पेररचा भाग पुन्हा घेतला; पहिल्या वेळी आवाजात हुंदका आला होता. "नको," त्या म्हणाल्या, "रडायचं असेल तर ऐकणाऱ्याने रडावं."

27 ऑक्टोबर

दुसऱ्या चाचणीत सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: ऑपेरा बांधलं, चर्च बांधलं, मग हे तसंच का नाही बांधलं?

उत्तर फेरीत हवं, पण निकाल द्यायचा नाही. हाम्बुर्गमध्ये हाच वाद पेटलेला आहे. तिथलं बोर्नप्लाट्झ सिनेगॉग 1906 चं, घुमटाचं, भलं मोठं. 1938 मध्ये उद्ध्वस्त, 1939 मध्ये पाडलं. त्या जागी 1988 पासून मार्ग्रिट काल यांचं स्मारक आहे: जुन्या छताच्या कमानींची आकृती मूळ मापात फरसबंदीत उतरवलेली, वर मोकळा चौक. हाल्लेच्या हल्ल्यानंतर, 2020 मध्ये, शहराच्या विधिमंडळाने तिथे पुन्हा सिनेगॉग बांधायच्या बाजूने एकमताने ठराव केला. ज्यू समाजातल्या अनेकांना ते हवं आहे, पुन्हा शहराच्या मध्यावर, डोळ्यांत भरेल असं. काही इतिहासकारांना, त्यांत ज्यू इतिहासकारही आले, वाटतं की घुमट परत आला की काही घडलंच नाही असं दिसेल.

ड्रेस्डेनने नक्कल टाळली. माझं वैयक्तिक मत, इथे तेच योग्य होतं: एका टोकाला हुबेहूब परत आलेलं ऑपेरा, दुसऱ्या टोकाला मुद्दाम वेगळं काहीतरी. हाम्बुर्गबद्दल मी असं छातीठोक बोलणार नाही. तिथे प्रार्थनेला जाणारा मी नाही.

म्युनिकचा मुद्दा वगळला, जागा नाही. तिथलं मुख्य सिनेगॉग नोव्हेंबरचीही वाट न बघता जून 1938 मध्येच पाडलं होतं, आणि 2023 मध्ये त्याचे दगड इझार नदीतल्या बंधाऱ्यात सापडले, दहा आज्ञांच्या पाटीच्या तुकड्यासकट. पुढेमागे स्वतंत्र टिपण.

9 नोव्हेंबर, शनिवार

शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. आम्ही ठरवून फेरी आज प्रसिद्ध केली नाही, उद्या करू. संध्याकाळी स्तंभापाशी जाऊन आलो. काकू पुण्याला परतायच्या तयारीत होत्या, तरी आल्या.

10 नोव्हेंबर

फेरी खुली केली. मराठी मंडळाच्या गटात दुवा टाकला. पहिला प्रतिसाद: "वाग्नरचं थोडं जास्त हवं होतं." मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं.

17 नोव्हेंबर

दुरुस्त्या आणि उरलेली कामं.

तिसऱ्या थांब्याची दिशा अजून घोटाळ्याची आहे. पुलाच्या कामामुळे अडथळे सरकवतात, तशी वाट बदलते. "स्तंभ डावीकडे" याऐवजी "टेरेसच्या शेवटच्या उतारापाशी" असं नव्याने ध्वनिमुद्रित करायचं. काकू आता पुण्यात. तिथून फोनवर पाठवतील, पण खोलीचा आवाज जुळायला हवा, म्हणून त्यांनाही गोधड्या टांगायला सांगितलं आहे.

फ्रांकेलचा भाग चार जणांनी पुढे ढकलला. काढायचा नाही, आखडून दुसऱ्या थांब्याच्या आधी घ्यायचा.

लिखित आवृत्ती करायची, ऐकू कमी येणाऱ्यांसाठी. मोठ्या अक्षरांत, दोन पानांत.

लाइपझिगमध्ये राहणाऱ्या एका मराठी जोडप्याने विचारलं आहे, त्या खुर्च्यांसाठी असंच काही करता येईल का. झिमॉनझोनची टिपणं त्यांना पाठवली.